चकचकीत नळ्या

वाल्मीक त्रिभुवनच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात जन्मभर बॉयलर सांभाळले, आणि सुटीच्या दिवशी चर्चमधला इंग्रजांच्या काळचा पाइप ऑर्गन. उपासनेला तो वाजवायचाही हाच. भात्याचं चामडं शिवायचं तर यानेच, अडकलेली पट्टी मोकळी करायची तर यानेच. दुसऱ्या कुणी हात लावला की खेकसलाच! पोटचा पोरगा रोहित एकदा म्हणाला, "बाबा, मला शिकवा ना." तर म्हणे, "आधी गणितात पास हो." पोरगा कीबोर्ड शिकला नि मोकळा झाला.

यंदा चर्चचा मोठा वर्धापनदिन. त्या उपासनेला ऑर्गन आपण वाजवायचा, मग डोळे मिटले तरी चालतील, असं तो बायकोला, उज्वलाला, सारखा सांगायचा. नेमकं त्याच महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं आणि डॉक्टरांनी त्याला वर्धापनदिनापर्यंत घरी बसवलं.

इकडे कमिटीचा सेक्रेटरी सुयश कामाला लागला. वाल्मीककाकांना विचारायचं म्हणजे शिव्या खायच्या, कोण विचारतो! पडले सगळे नाशिककर, सणाआधी भांडी तांबटाकडे टाकायची सवय. तशाच ऑर्गनच्या नळ्या उतरवल्या नि चंदर तांबटाकडे नेऊन दिल्या. चंदर कामाचा चोख. त्याने एकेका नळीचं खालचं टोक दाबून धरलं आणि पाणी भरलं. मधल्या चिरेतून पाणी गळालं. मग काय, प्रत्येक चिरेला कथलाचा डाग देऊन त्याने ती पक्की बुजवली आणि वरून नळी आरशासारखी घासली.

अरे, त्या चिरेतूनच तर नळी बोलते! तिथून वारा सुटला तरच सूर. पण चंदरला हे सांगणार कोण? ज्याला ठाऊक, तो इंदिरानगरच्या घरी डोळ्यांत थेंब टाकून पडलेला.

वर्धापनदिनाच्या रविवारी वाल्मीक कोट घालून चर्चमध्ये आला. परत बसवलेल्या नळ्या लखलखत होत्या. "हा काय उद्योग?" असं पुटपुटत तो बसला, भात्याची मोटर लावली, पट्ट्या दाबल्या. नुसती हवा फुसफुसली. त्याने वाकून नळीवर बोट फिरवलं. चीर बुजलेली. चर्च माणसांनी भरलेलं, पाळकसाहेब गीतासाठी उभे. एरवी चवताळून उठणारा माणूस, पण आज पुन्हापुन्हा पट्ट्याच दाबत राहिला.

सुयशने घाईघाईने रोहितला खूण केली. रोहितने बाजूच्या कीबोर्डवर ऑर्गनचा आवाज लावला आणि गीत उचललं. मंडळी खड्या आवाजात गायली, उज्वलासुद्धा. सगळ्यांदेखत उठून जायचं तरी कसं? वाल्मीक मुक्या पट्ट्यांवर हात ठेवून तसाच बसून राहिला. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

उपासना सुटली. मागच्या बाकावरची म्हातारी अक्काबाई काठी टेकत पुढे आली आणि तिने त्याचा हात धरला.

"वाल्मीक, किती वर्षं ऐकतेय रे तुला. पण आजच्यासारखा गोड कधी वाजवला नव्हतास बघ!"

रोहित तिथेच वायर गुंडाळत होता. त्याने मान वर केली नाही.

"थँक्यू, अक्काबाई," वाल्मीक म्हणाला.