नवऱ्याच्या रक्तवाहिन्या आणि माझा कोंबुचा

हॅमिल्टनच्या हॉस्पिटलात नवऱ्याला स्टेंट बसवला, तेव्हापासून मी त्याचा श्वास ऐकत बसायला लागले. मिल्टनच्या आमच्या घरात तो जिना चढायला लागला, की खाली माझे हातपाय गार. बर्फ काढायला त्याने शोव्हल नुसतं उचललं तरी मी खेकसायचे.

अशात इंटरनेटवर एका लेखात वाचलं, की आंबवलेला चहा, म्हणजे कोंबुचा, शरीरातला दाह कमी करतो आणि रक्तवाहिन्यांना चांगला असतो. झालं! रिचमंड हिलच्या मैत्रिणीकडून, विरजण मागून आणावं तशी, त्या चहावरची जाड साय आणली. हिवाळ्यात इडलीचं पीठ ठेवते तशी चहाची बरणी बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवली. रोज सकाळी ग्लास त्याच्या हातात. बिचारा नाक मुरडत प्यायचा. ग्लास रिकामा झाला की माझा जीव भांड्यात पडायचा, दुपारपर्यंत तरी.

चार महिन्यांनी घरच्या फोनवर फार्मसीचा मेसेज आला. त्याच्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्या बरेच दिवस कुणी नेल्याच नव्हत्या. मी तव्यावरची पोळी तशीच टाकून बेसमेंटमध्ये धावले. तो लॅपटॉपवर काम करत होता.

"गोळ्या बंद केल्यास?"

"कोंबुचा घेतोय ना रोज. तूच म्हणालीस, आर्टरीज हेल्दी राहतात."

मी तिथेच फोन काढला. तो लेख पुन्हा उघडला. माणसांवर हे अजून पुरेसं तपासलेलं नाही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध थांबवू नका, असं शेवटी स्वच्छ लिहिलं होतं. तिथवर मी कधी पोचलेच नव्हते. मला हवं तेवढंच वाचून मोकळी झाले होते.

मग मी सगळा राग त्याच्यावरच काढला. "अरे, पण डॉक्टरला का नाही विचारलंस?"

"गोळीने मांड्या फार दुखत होत्या. चालवत नव्हतं."

"मग मला सांगायचं!"

"कसं सांगू? मी साधा खोकलो तरी तू पांढरीफटक पडतेस. कोंबुचा प्यायलो की निदान हसतेस तरी."

दुसऱ्याच दिवशीची अपॉइंटमेंट मिळाली. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, रक्ताची तपासणी सांगितली, मलाही दोन शब्द सुनावले. आता त्याच्या मांड्या दुखत नाहीत, असं तो म्हणतो. ते खरं आहे, की मी घाबरू नये म्हणून तो सांगतोय, हे मला कळत नाही. विचारलं तरी तो हसूनच उत्तर देणार.