केदारखेड्याचा टर्की बर्गर

आमचा निखिल अमेरिकेत बर्गर खातो हे कळलं, त्याच दिवशी त्याच्या आईनं, सुनंदानं, अन्नत्याग केला. (पूर्ण नाही. भाकरी सोडली, साबुदाण्याची खिचडी चालू होती.)

पोरगं सुट्टीवर जाफराबादला आलं होतं, जेवता जेवता सहज बोलून गेलं. सुनंदाचा घास हातातच राहिला.

"कशाचा असतो रे तो?"

"तिथं गोमांसाचा असतो आई. पण मी टर्कीचाच खातो."

"टर्की तर देश हाये ना?" मी म्हणालो. मी शाळेत भूगोल शिकवला आहे, त्यामुळं मला गप्प बसता येत नाही.

"बाबा, पक्षी असतो तो. कोंबडीसारखाच, फक्त मोठा."

"बघा! मंग मोठ्याचंच झालं की!" सुनंदानं डोळ्याला पदर लावला. (आमच्याकडं गाईबैलाच्या मटणाला मोठ्याचं म्हणतात. पोराला शब्द जपून वापरायला हवा होता.)

दोन दिवस घरात सुतक. लेकराला परत जायचं होतं आणि आई धड बोलत नव्हती. शेवटी तो काकुळतीला आला. "आई, मी इथंच करून दाखवतो. तुझ्या डोळ्यांसमोर. मग तर झालं?"

"टर्की मी आणतो!" मी गरजलो.

केदारखेड्याला एका शेतकऱ्याकडं टर्क्या आहेत असं ऐकलं होतं. त्यानं एक थोराड नर पोत्यात भरून दिला. "घेऊन जा सर. जरा बोलका हाये."

'जरा' म्हणजे किती, ते मला जीपमध्ये कळलं. ड्रायव्हरनं हॉर्न दिला आणि माझ्या मांडीवरच्या पोत्यातून उत्तर आलं, "गुळगुळगुळगुळ!"

"अगं माय!" शेजारच्या बाई खिडकीला चिकटल्या. "मामा, काय हाये पोत्यात?"

"कोंबडी."

"कोंबडी असं बोलून राह्यली?"

मग ड्रायव्हरला नाद लागला. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसताना हॉर्न! प्रत्येक हॉर्नला जवाब! लोक हसले की हा गडी त्यांच्याहून वरच्या पट्टीत हसायचा. मी पोत्याला हळूच म्हणालो, "बाबा, माझ्या अब्रूचा तरी विचार कर." त्यावर तर तो सगळ्यात जोरात ओरडला.

गल्लीत शिरलो तर दाराबाहेर कुणी आलं नाही असं घर उरलं नाही.

"काय सर, मोर धरून आणला का?" समोरचे गणपतराव.

"टर्की! बर्गर करायचाय. या ना संध्याकाळी!"

हे 'या ना' माझ्या तोंडून आपोआप निघतं. घरी पोचेपर्यंत ते किती जणांसाठी निघालं, ते मलाही सांगता येणार नाही.

कोपऱ्यावरच्या कोंबडीवाल्यानं सगळं साफ करून दिलं. निखिलनं मांस मिक्सरमध्ये घातलं. मिक्सर घरघरला, धुरावला आणि कायमचा शांत झाला. मग सुऱ्यांनी खिमा केला. निखिल टिक्क्या थापायचा. तव्यावर पडली की टिक्की चारी दिशांना पांगायची.

"तिथं तर बराबर चिकटतात!"

"बेसन घाल," मी.

"बाबा, भजी करून राह्यलो का आपण?"

तरी मी घातलंच. मग जास्त झालं म्हणून पाणी. मग पाणी जास्त झालं म्हणून पोहे. शेवटी जे झालं त्याला नाव नव्हतं. निखिल कपाळाला हात लावून बसला.

तेवढ्यात सुनंदा पदर खोचून आली. "व्हा बाजूला. दोघंही."

तिनं तो सगळा लगदा कढईत ओतला. कांदा, लसूण, काळा मसाला. वास सुटला. मीठ बघायला बोटभर चाखलं. परत चाखलं. मग भाकरीचा तुकडा मोडला आणि उभ्या उभ्याच खाल्ला.

"एवढंच असतं व्हय रे? हा तर खिमा हाये. खात जा बाबा. मसाला देते डब्यात भरून."

निखिलनं तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं. मी चष्मा पुसून राह्यलो होतो, तर दारात आख्खी गल्ली उभी!

पावात खिमा भरभरून सुनंदानं एकेकाला दिला. मी यजमान, आग्रह करत फिरत होतो. माझी पाळी आली तेव्हा कढईचं बूड दिसत होतं. सुनंदानं मला पावात काकडीच्या दोन चकत्या आणि सॉस घालून दिला.

"सर, कसा झालाय?" गणपतरावांनी तोंड पुसत विचारलं.

मी डोळे मिटून सावकाश चावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "बिलकुल अमेरिकेसारखा!"