आभाराची ओळ

विद्यापीठाच्या मासिक पत्रिकेत कोणाचं नाव यायचं, हे कुलगुरू ठरवतात असं बाहेरच्यांना वाटे. खरं तर ते ठरवायची जनसंपर्क विभागातली एक बाई आणि तिची लाल पेन्सिल. विद्यार्थ्याचं पारितोषिक, प्राध्यापकाचं संशोधन, माजी विद्यार्थ्याची बढती, सगळं आधी छापील फॉर्मवर तिच्या टेबलावर यायचं. सत्तावीस वर्षं तिने हे काम केलं. सगळे तिला बातमीबाई म्हणत. एखाद्याच्या नावाआधीचं ‘डॉ.’ राहिलं, तर तो महिनाभर तिच्याशी बोलत नसे.

फॉर्मच्या तळाशी एक रकाना होता, आभाराचा. तिथे लोक अगदी सुटायचे. एकाने सासूबाईंचे आभार मानले, दुसऱ्याने मांजराचे. मग बातमीबाईने नियमच करून टाकला, आभाराची ओळ छापायची नाही. जागा वाचली, साहेब खूश झाले. नियमात खोट नव्हती. खोट बाईच्या मनात होती.

कारण तिचा सख्खा थोरला भाऊ त्याच विद्यापीठात, रसायनशास्त्राच्या तळघरात काचकाम करत होता. ज्योतीवर काचेची नळी फिरवायची, तोंडाने फुंकायची आणि बाजारात मिळत नाहीत ती उपकरणं सरांना घडवून द्यायची. बहिणीला शिकता यावं म्हणून दादा दहावीनंतर शिक्षण सोडून या कामाला लागला होता. तिच्या नोकरीची जागा निघाल्याचंही त्यानेच कळवलं होतं. आणि पहिल्याच आठवड्यात कोणी तरी सहज विचारलं, “ते खालचे काचवाले तुमच्या ओळखीचे का हो?” तर ही म्हणाली, “आमच्या गल्लीत राहतात.”

उचलली जीभ लावली टाळ्याला! गल्लीत कसले, एकाच घरात राहत होते दोघं. हिने लग्न केलं नव्हतं, दादा-वहिनींच्याच ताटात जेवत होती. पण एकदा बोललेलं मागे कसं घ्यायचं? दादा वरच्या मजल्यावर आला की ती फायलीत डोकं घाली. कामात असते बिचारी, असं म्हणत तो वर येईनासा झाला.

रसायनशास्त्राचे मोठे सर मात्र दर फॉर्मवर न चुकता लिहीत, ‘आमच्या काचकाम करणाऱ्या सहकाऱ्याने हे उपकरण घडवलं नसतं, तर हा प्रयोग उभाच राहिला नसता.’ पुढे दादाचं पूर्ण नाव, आडनावासकट. आडनाव छापलं तर दोन्ही आडनावं जुळणार, म्हणून त्या ओळीवर लाल पेन्सिल जरा जास्तच जोरात फिरायची. नियम म्हणजे नियम, असं ती स्वतःला सांगायची.

दादा निवृत्त झाला त्या संध्याकाळी त्याने कपाटावरून पत्रिकांचा गठ्ठा काढला. काही बातम्यांपुढे पेन्सिलीने बारीक खुणा होत्या.

“एकोणीस आहेत,” तो म्हणाला. “या एकोणीसही बातम्यांत माझी काच आहे.”

“आणि नाव कुठंय?” वहिनीने विचारलं.

“मोठी माणसं. काम झालं की विसरतात.”

“म्हणून तर मोठे सर वारले तेव्हाही गेला नाहीत तुम्ही.”

दादाने तिकडे लक्ष दिलं नाही. बहिणीकडे बोट करून म्हणाला, “नाव लिहून देणं हिच्या हातात असतं ना, तर पहिलं माझं नाव टाकलं असतं हिने.”

बातमीबाईला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. तिने भाजी वाढून घेतली आणि खाल्ली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने जुन्या फॉर्मांची खोकी उघडली. सरांच्या एकोणीस ओळी जशाच्या तशा, तारखांसकट उतरवल्या. खाली लिहिलं, ‘हे माझे सख्खे थोरले बंधू.’

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. “अहो, हे विद्यार्थी नाहीत, प्राध्यापक नाहीत, माजी विद्यार्थीही नाहीत. बसवायचं कुठे?”

“हवं तर माझ्या खुर्चीत बसवा,” ती म्हणाली. “पण छापा.”

अंक आला. तिने तो स्वतः दादाच्या हातात दिला. स्वतःचं नाव बघून त्याचा चेहरा उजळला. मग तो बोट ठेवून एकेक ओळ वाचू लागला आणि पहिल्याच तारखेशी थबकला.

“म्हणजे सर एवढ्या वर्षांपासून लिहीत होते?”

“हो.”

“मग छापलं का नाही कधी?”

“मी कापत होते, दादा. तू माझा भाऊ आहेस हे कळू नये म्हणून.”

तो रागावेल, ओरडेल, निदान वहिनीला हाक मारेल, अशी तिने मनाची तयारी केली होती. त्याने फक्त ओळीवरचं बोट उचललं.

“शेवटच्या आजारात सरांनी दोनदा निरोप धाडला होता, भेटून जा म्हणून,” तो म्हणाला. “म्हटलं, साधं नाव लिहायला जमलं नाही यांना, मी कशाला जाऊ? नाही गेलो मी.”

मग त्याने अंक मिटला. गठ्ठ्यात ठेवला नाही, तिच्या हातात परत दिला.