उरलेलं कपाशीचं औषध

अक्काची शेळी मी मारली. गाव म्हणतं, आजारानं गेली. मीही मान हलवतो.

अक्का माझी चुलत बहीण. पाचोऱ्याजवळच्या आमच्या गावात भिंतीला भिंत लागून राहते. तिची दीड वर्षाची नात त्या एकाच शेळीच्या दुधावर वाढत होती. आधी शेळीच्या कानांवर खपल्या धरल्या, मग मानेवर. केस झडले. अंग घासून घासून तिनं खुंटा रक्तानं माखला. गुरांच्या डॉक्टरांनी कातडी खरवडून तपासली. खरूज निघाली. एक इंजेक्शन दिलं, दुसरं पंधरा दिवसांनी, आणि ते सांगेपर्यंत दूध ओतून द्यायचं, असं म्हणाले.

अक्का रोज सकाळी दूध उकिरड्यावर ओतायची आणि नात भांड्याकडे हात करून रडायची. आठवडाभरात मलाच ते बघवेना. शेळी तर अजून अंग घासतच होती. डॉक्टरांचं काय जातं, नुसते हेलपाटे घालायला लावतात, असं मी चारचौघांत बोलूनही दाखवलं. वीस वर्षं कपाशी फवारलेला माणूस मी. कपाशीवरची कीड मरते, तिथे ही खरूज काय चीज! घरात उरलेलं औषध बादलीत कालवलं, तेही हात सैल सोडून. फडक्यानं खपल्या फोडून अंगभर चोळलं.

"भाऊ, हाई चालई ना?" अक्कानं विचारलं.

"दोन दिनमा बठ्ठं बरं व्हई जाई," मी म्हणालो.

दुपारी तिची हाक आली. "भाऊ, बकरी कशी करी ऱ्हायनी, देख ना!"

तोंडाला फेस, पाय लटलटत होते. डॉक्टर येईपर्यंत ती आडवी झाली होती. त्यांनी बादलीचा वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि सुई भरली. उपयोग झाला नाही.

आजारानं गेली, हे गावाला अक्कानंच सांगितलं. मला ती एका शब्दानं बोलली नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण एक गोष्ट तिलाही माहीत नाही. औषध चोळून झाल्यावर मी घरी आलो, दोनदा साबण लावून आंघोळ केली, कपडे वेगळे भिजत घातले आणि मगच जेवायला बसलो. फवारणीनंतर आम्ही सगळे तसंच करतो. जेवताना दारातून शेळी दिसत होती. उन्हात उभी राहून ती आपलं अंग चाटत होती.