चालू गाडीतले मामा

आमच्या मामांइतका हिंडलेला आणि तरीही कुठंच न टेकलेला माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. लग्न असो, बारसं असो, मयत असो, मामा हजर. पण दाराबाहेर, रस्त्यावरच. कारण त्यांची गाडी. भोकरदनच्या शाळेतून चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी दक्षिणेतल्या कुठल्याशा कारखान्यातून सुटे भाग मागवले आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःच्या हातानं मोटार जोडली. सांगाडा लोखंडी, अंग फायबरचं, दोघांपुरती जागा, दारं नाहीत, छप्पर नाही, आणि पोटात एका जुन्या मोटारीचं फ्युएल इंजेक्शनचं इंजिन. गावातली माणसं तिला ‘टब’ म्हणत. मामांच्या कानावर हे जाणार नाही याची काळजी आम्ही भाच्यांनी आळीपाळीनं घेतली.

या गाडीला एकच खोड होती. सकाळी थंड असताना ती एका किल्लीत सुरू व्हायची. पण तापल्यावर बंद केली, की मग तासभर ढिम्म. एकदा शहागडजवळ रस प्यायला थांबून मामांनी ती बंद केली. ट्रकवाल्यांनी हसत हसत ढकलली आणि त्यातल्या एकानं विचारलं, “मास्तर, बैल पाठवू का?” ते मामांच्या फार जिव्हारी लागलं. घर सोडून कुठंही गाडी बंद करायची नाही, अशी त्यांनी शपथच घेतली. तेव्हापासून ते अक्षता गाडीतूनच टाकत आणि सांत्वनसुद्धा इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून करत. चालू गाडीत पेट्रोल भरून द्यायला पंपावरचा माणूस तयार होईना, म्हणून मामा सायकलवर कॅन बांधून पेट्रोल आणायचे.

दोष शोधण्याचं काम मात्र अखंड चाले. रोज सकाळी शेडमध्ये मामा पेट्रोलच्या पंपाला कान लावून बसत. शेजारी असेल त्याला म्हणत, “ऐक, कसा बराबर गुणगुणून राह्यला. पंपात बिलकुल दोष न्हाई.” मग प्लग काढायचे, पुसायचे, परत बसवायचे. एका महिन्यात संशय इंजेक्टरवर, दुसऱ्या महिन्यात रिलेवर. मामींनी काळजीनं एका मिस्त्रीला बोलावलं, तेही सकाळीच. गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. मिस्त्रीनं चहा घेतला आणि “सर, गाडीत काहीच न्हाई, तुमी उगं शंका घेऊन राह्यले” असं सांगून तो निघून गेला.

या सगळ्याची झळ बसली ती माझ्या आईला. मामा तिचा एकुलता एक धाकटा भाऊ. भोकरदनहून आमच्या हसनाबादेत येणं म्हणजे काही परदेशगमन नव्हे. पण तेवढ्यात गाडी तापायची. मामा अंगणात यायचे, इंजिन धडधडत ठेवायचे आणि स्टेअरिंगवरचा हात न काढता आईशी बोलायचे. भाऊबीजेला आई ताम्हन घेऊन गाडीशी जायची. इंजिनाचा पंखा फिरला, की निरांजन विझायचं. ती पुन्हा पेटवायची.

“अरे, घटकाभर बस की. पाट मांडलाय, पानं वाढलीत.”

“येळ न्हाई आक्का. गरम होऊन राह्यली.”

“मंग यष्टीनं येत जा.”

“दारात गाडी असताना यष्टीनं?” मामा दुखावले जायचे. आई मुकाट्यानं पुरणपोळीचा डबा बांधून त्यांच्या शेजारच्या सीटवर ठेवायची आणि गाडी वळेपर्यंत उभी राहायची. आत आल्यावर म्हणायची, “माझ्या घरी पोटभर जेवलेला भाऊ मला एकदा बघायचाय.” आम्ही हसायचो. भाऊ त्याच तालुक्यात, धडधाकट. आज नाही तर उद्या बसेल, असं तिलाही वाटायचं आणि आम्हालाही.

गेल्या वैशाखात आई गेली. त्या दिवशी मामा धावतपळत यष्टीनं आले. तिसऱ्या दिवशी गाडीनं आले आणि अंगणात शिरताच त्यांनी किल्ली फिरवून ती बंद केली. राख सावडून परतलो तेव्हा गाडी निवलीच नव्हती, उन्हात तापून पडली होती. मामांनी किल्ली फिरवली. स्टार्टर फिरला, इंजिन काही पेटेना. घाई कसलीच नव्हती. त्यांनी बॉनेट उघडलं, माझ्याकडून पाणी मागून घेतलं आणि ओलं फडकं एकेका भागावर ठेवून पाहू लागले. पंपावर ठेवलं, काही नाही. कॉइलवर ठेवलं, काही नाही. इंजिन फिरतंय हे गाडीतल्या कॉम्प्युटरला कळवणारा एक बोटभर सेन्सर खाली गरम पाइपाजवळ होता. त्यावर फडकं धरलं, जरा थांबले आणि किल्ली फिरवली. गाडी लगेच सुरू झाली.

मामांनी ती तशीच बंद केली आणि खाली, जमिनीवरच बसले.

“थंड गाडीत दोष शोधत बसलो रे एवढे दिवस,” ते म्हणाले. “तापल्यावर बंद करून बघायचं धाडसच केलं न्हाई. आक्का बस म्हणली तवा एकदा बसलो असतो, तं तवाच सापडला असता.”

मी त्यांच्या शेजारी बसून राहिलो.

नवा सेन्सर बसवल्यापासून गाडी कितीही तापली तरी एका किल्लीत सुरू होते. मामा आता महिन्यातून दोनदा येतात, पोटभर जेवतात, ओट्यावर डुलकी काढतात, निघायचं नाव घेत नाहीत. माझी बायको त्यांना आग्रहानं वाढते, मुलं वाकून नमस्कार करतात, आम्ही सगळे त्यांना अहो-जाहो करतो. ‘अरे, घटकाभर बस की’ असं त्यांना हक्कानं म्हणणारं मात्र आता घरात कोणी राहिलेलं नाही.