बाबांचं हेल्मेट

हेल्मेटच्या आतल्या घामट स्पंजाचा वास आला की मला पहिलीतली पालकसभा आठवते. मला इंग्रजी शाळेत घालायचं म्हणून बाबांनी स्कूटर विकली, पण हेल्मेट ठेवून घेतलं. शाळेत जाताना ते काखेत मारून चालायचे. "बसने येणारा बाप दिसलो ना, तर पोराला मागच्या बाकावर टाकतील," असं त्यांचं ठाम मत. आई म्हणाली, "अहो, मग केस तरी चपटे दिसू देत की!" तेव्हा गेटच्या अलीकडे उभं राहून त्यांनी दोन मिनिटं ते डोक्यात घातलंसुद्धा. सभेत बाई इंग्रजीत बोलत होत्या आणि बाबा हेल्मेट मांडीवर धरून मान डोलावत होते. शेजारी माझ्या बाकावरच्या मुलाचे पप्पा गाडीची किल्ली बोटात गरगर फिरवत बसले होते. सभा सुटल्यावर बाबा शाळेसमोरचा बसस्टॉप सोडून मला ओढत नॅशनल पार्ककडच्या लांबच्या स्टॉपवर घेऊन गेले. तिथे ओळखीचं कोणी भेटणार नव्हतं. रांगेच्या टोकाला मुलाचा हात धरून तेच पप्पा उभे होते, किल्ली अजून बोटातच. दोघे बाप एकमेकांकडे बघत राहिले. मग बाबा म्हणाले, "काय पार्किंगची वाट लागलीय ना इथे!" "विचारू नका साहेब," पप्पा म्हणाले, आणि बसमध्ये त्यांनी आमचीही तिकिटं काढली. परवा मुलीच्या फीसाठी मी बाइक विकली. घेणारा हेल्मेटही मागत होता. म्हटलं, "ते नाही मिळणार यार, शनिवारी पालकसभा आहे."