हेल्मेटचा पट्टा कोणी बांधला?

इथे पहिल्यांदाच लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. भूत, चकवा, करणी यांवर माझा विश्वास नाही. आमच्या घरात विश्वास ठेवणारे इतके आहेत की माझ्या वाट्याला काही उरलंच नसावं. तरीही लिहितेय... कारण जे घडलं ते घडलं, आणि त्यावरून माझं कॉलेज बंद व्हायची वेळ आली होती.

मी हिंगोलीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली. गाव पुसेगावपासून थोडं आत. सकाळच्या प्रॅक्टिकलला वेळेवर पोचवेल अशी एसटी नाही, म्हणून बाबांनी मला त्यांची मोटारसायकल शिकवली. मोटारसायकलवर पोरगी हेच गावाला जड जात होतं, त्यात मामानं दिलेलं लाल हेल्मेट! पारावरून रोज आवाज यायचा, "काहून गं पूजे, डोक्यावर घागर उपडी घालून कुठं चालली? चंद्रावर काय?"

"व्हय काका, येताना काही आणू का तुमच्यासाठी?" असं म्हणून मी गाडी काढायची.

पण खरं सांगायचं तर त्या हेल्मेटची क्लिप तुटली होती. एका बाजूचा खटका कुठे पडला, सापडलाच नाही. दोन्ही पट्टे मोकळे लोंबायचे. हिंगोलीत बदलून घेऊ म्हणता म्हणता राहून गेलं. गाडी पळायला लागली की एका पट्ट्याला उरलेला प्लास्टिकचा तुकडा वाऱ्यानं हेल्मेटवर आपटायचा... टक टक टक. कॉलेज येईपर्यंत डोकं उठायचं.

सोयाबीन काढणीचे दिवस होते. सकाळचं लख्ख ऊन. पुसेगाव मागे टाकून मी नरसीकडे निघाले. नरसीच्या अलीकडे एक छोटा पूल आहे, त्याला लागूनच वळण. तोपर्यंत टकटक चालूच होती. वळण दिसायला लागलं आणि ती थांबली. एकदम. मला वाटलं पट्टा ओढणीत अडकला असेल. हनुवटीखाली काहीतरी आवळल्यासारखं झालं... माझे दोन्ही हात हँडलवर होते, हे मी कुणापुढेही शपथेवर सांगेन.

पुढचा विचार करायला वेळ मिळाला नाही. वळणापलीकडे अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं होतं. चाक दाण्यांवर गेलं, गाडी आडवी झाली आणि माझं डोकं पुलाच्या कठड्यावर आदळलं. तो आवाज मी हेल्मेटच्या आतून ऐकलाय. तो कसा होता ते नाही सांगता येणार.

शुद्धीवर आले ती जीपमध्ये. ज्यांचं सोयाबीन होतं तेच काका मला हिंगोलीला घेऊन निघाले होते. "लेकरा, डोळे मिटू नको, बोलत राह्य," एवढंच ते सारखं म्हणत होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी माझी मान धरली आणि सिस्टर पट्टा सोडायला लागल्या. "अगं, ही गाठ कोणी मारली? नख बी शिरंना हिच्यात!" शेवटी कात्रीनं कापावा लागला. दोन्ही पट्टे हनुवटीखाली एकमेकांना घट्ट बांधलेले होते.

मनगट मोडलं, गुडघा सोलला. डोकं शाबूत. हेल्मेटला मात्र मागून पुढपर्यंत तडा. डॉक्टर म्हणाले, "पट्टा मोकळा असता तर हे पहिल्याच झटक्यात उडालं असतं."

मी काकांना विचारलं, गाठ तुम्ही मारली का? "न्हाई माय. मान मोडली असल म्हणून आमी डोक्याला हातच लावला न्हाई." आईला विचारलं, तर ती म्हणाली, "तू कव्हा थांबती माझ्यापाशी, गाठ मारून घ्यायला?" मीच बांधली असेन आणि विसरले असेन, असंही धरून पाहिलं. मग वळणापर्यंत टकटक कशाची ऐकली?

गावात मात्र लगेच ठरलं: त्या वळणावर काहीतरी आहे. सोयाबीनचं नाव कोणी घेईना. कसं घेणार? रस्त्यावर थोडंफार प्रत्येकाचंच वाळत असतं.

आत्या भेटायला आली ती निकाल घेऊनच. "देवीनं सोताच्या हातानं गाठ मारली. एकदा वाचिवलं. रोज येऊन बसणार हाय का ती हिच्या मागं? दादा, पोरीला घरी बसव. स्थळं बघ."

बाबा खाली मान घालून ऐकत होते. मग हळूच म्हणाले, "गाडी बंद करू आता."

मी मोठ्यांपुढे फारशी बोलत नाही. त्या दिवशी बोलले. "आत्या, देवीनंच गाठ मारली असं धरू. मला घरी बसवायचं असतं तर तिनं दारातच गाडी पंक्चर केली असती. हेल्मेट काहून बांधलं असतं?"

"लई शिकली गं तू!"

"अजून कुठं आत्या? पुढचं वर्ष राहिलंय की."

आईनं तोंडाला पदर लावला. हसली की रडली, कळलं नाही. बाबांनी मला विचारलं, "चांगलं हेल्मेट कुठं भेटतं गं हिंगोलीत? दोन घ्यावं लागतील. मी बी उघडाच फिरून राहिलो."

प्लास्टर निघालं आणि मी परत त्याच रस्त्यानं कॉलेजला जायला लागले. वळणावर आता कुणीतरी शेंदूर लावलेला दगड ठेवलाय. येणारे-जाणारे गाडीवरूनच हात जोडतात. मी नाही जोडत, त्यासाठी हँडल सोडावं लागतं. देवीला राग येत असेल तर येवो.

पण ती गाठ... खरंच कळत नाही. वर्गातल्या मैत्रिणींशी बोलले, सरांशीही बोलले. सर म्हणाले, घाबरल्यावर आठवणी उलटसुलट होतात. असेलही. मला पटत नाही, आणि दुसरं काही सुचतही नाही.

कुणाला उत्तर माहीत असेल तर जरूर लिहा. फक्त 'पोरीनं घरी बसावं' हे उत्तर असेल तर तसदी घेऊ नका. ते आमच्या घरी येऊन, चहा पिऊन परत गेलंय.